चावी

अलिबागच्या किनाऱ्यावर समुद्राची गाज रात्रंदिवस ऐकू येते. आगगाडीची शिट्टी मात्र तेथे ऐकू येत नाही. प्रवाशांची आगगाडी त्या गावाला अद्याप आलेली नाही. त्यामुळे साठ वर्षांपूर्वी तेथील मुलांना आगगाडीचे मोठे अप्रूप वाटे. अशा त्या गावात एका मुलाच्या घरी आगगाडी होती, आणि ती चक्क ओसरीवर धावत असे!

मुलाचे वडील मुंबईस परळच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. एका गणेशोत्सवात भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरून ते घरी आले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत पत्र्याचे इंजिन, दोन डबे आणि जोडावयाचे रूळ होते. इंग्लंडातील लिव्हरपूल येथे फ्रँक हॉर्न्बी यांच्या कारखान्याने १९२० सालापासून अशा गाड्या बनविल्या. त्यांच्या दोन रुळांत अवघे ३२ मिलिमीटर अंतर असे. आपल्याकडील खऱ्या रुंद मार्गावर ते १,६७६ मिलिमीटर असते. ही गाडी चोरबाजारात मोडक्या स्थितीत मिळाली होती. वडिलांनी तिची दातेरी चक्रे साफ केली, नवी स्प्रिंग बसविली आणि कानशीने घासून घासून पोलादाची चावी स्वतःच्या हाताने घडविली. चावी फिरविली की स्प्रिंग आवळली जाई. ती उलगडू लागली की चक्रे फिरत आणि गाडी खडखडत निघे.

मुलगा बारा वर्षांचा झाला. गाडी त्याला पोरखेळ वाटू लागली. मन क्रिकेटच्या बॅटीवर बसले. त्या उन्हाळ्यात मुंबईचे एक कुटुंब समुद्रावर हवापालटासाठी आले होते. त्यांच्या धाकट्या मुलाने गाडीचा हट्ट धरला आणि पंधरा रुपयांना सौदा ठरला. मुलाने घरीच चावी भरली, ब्रेकची कळ दाबली, आणि गाडी त्यांच्या बिऱ्हाडी नेऊन एकवार धावून दाखविली. तो धाकटा मुलगा टाळ्या पिटू लागला.

घरी परतल्यावर खुंटीवरची चावी दिसली. मंडळी दुसऱ्या दिवशी निघणार होती. धावत जाऊन ती देता आली असती. परंतु चावीकडे पाहताच त्याच्या पोटात कालवले. "एवढी तरी आपल्यापाशी राहू दे," असे म्हणून त्याने ती मुठीत घट्ट धरली आणि तो गेलाच नाही.

दिवाळीत वडील आले. त्यांना सर्व समजले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बाळ, गाडी तुझी होती, ती तू विकलीस. पण चावी त्या मुलाची होती." मुलाने मान खाली घातली. त्या मंडळींचा पत्ता कोणालाच ठाऊक नव्हता. बॅट पुढच्याच पावसाळ्यात तडकली.

तो मुलगा पुढे पोस्टमास्तर झाला. अपुऱ्या पत्त्यांची शेकडो पत्रे त्याने खटपट करून योग्य घरी पोहोचविली. एक चावी तेवढी पोहोचविता आली नाही. निवृत्तीनंतर तो नातवाला घेऊन पुण्याला गेला. तेथे कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या हौसेतून उभारलेले छोट्या रेल्वेगाड्यांचे संग्रहालय १९९८ पासून आहे. इवल्या गाड्या बोगद्यांतून, पुलांवरून धावत होत्या. नातू टाळ्या पिटू लागला, आणि आजोबांचे डोळे भरून आले. आपली गाडी गेली याचे दुःख त्यांनी वर्षानुवर्षे केले होते. पण दुसऱ्या दिवशी आपली गाडी का चालत नाही, म्हणून मुंबईत कोणी लहान मुलगा रडला असेल, हे आज प्रथमच त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले.

घरी येताच त्यांनी पेटीतली चावी काढली, तेल लावून पुसली आणि ओसरीवरच्या जुन्या खुंटीला अडकविली. येणारा-जाणारा विचारतो, "ही कशाची चावी?" ते सारी हकीकत सांगतात आणि शेवटी म्हणतात, "माझी नव्हे. एका मुलाची आहे. चुकून माझ्याकडे राहिली, असे मात्र म्हणवत नाही."