मणिबेलीला त्या रांगेत बसवू नकोस

धडगाव,
चैत्र

चि. मृण्मयीस,


तुझं पत्र पोचलं. क्योतोच्या वर्गात जपानी संस्कृतीतल्या अनित्यतेवर निबंध लिहायचा आहे, आणि आपल्याकडचं उदाहरण म्हणून नर्मदेत बुडालेली गावं घेऊ का, असं विचारलं आहेस. प्रश्न मोलाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

साकुराची फुलं गळणार हे माहीत असतं म्हणूनच तिथले लोक ती बघायला जमतात, असं तू लिहिलंस. याच दिवसांत इथे मोहू गळतो. रात्री सुरू होतो आणि पहाटे जोर धरतो. झाडाखालचा पाला आधीच झाडून, जाळून जागा साफ केलेली असते. उजाडायच्या आत बाया-पोरं टोपल्या घेऊन हजर होतात. फूल जाड, फिकट पिवळं, रसानं भरलेलं. वेचताना बोटांना चिकटतं आणि त्याचा गोडसर वास दिवसभर हातावरून जात नाही. उशीर झाला तर शेळ्या-गुरं ताव मारतात. उन्हात वाळवला की मोहू मनुक्यासारखा तांबूस होतो आणि पुढे कितीतरी महिने घरात पुरतो. गळणं ही इथे सुगी आहे. सातपुड्यातला माणूस त्या फुलाकडे बघून हळवा होत नाही, पण मोहाच्या झाडाला सहसा कुऱ्हाडही लावत नाही.

तुझ्या निबंधाला खरं उदाहरण हवं असेल तर काठीचं घे. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी 1246 सालापासून चालत आली आहे, असं तिथले लोक सांगतात. जंगलातून उंच, सरळ बांबू निवडून आणतात, तो दांडा. त्याचा खड्डा कुदळ-फावड्यानं नाही, हातांनी खणतात. एकाचे हात थकले की दुसरा बसतो. दांड्याला खजूर, डाळ्या, साखरेचे हार-कंगण बांधतात. अंगावर पांढरी नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरं असे बावा-बुध्या रात्रभर नाचतात. त्यांचं व्रत असतं, त्या दिवसांत ते खाटेवर झोपत नाहीत. आणि पहाटे, एवढ्या कष्टानं उभा केलेला दांडा पेटवून देतात. पुढच्या वर्षी नवा बांबू, नवा खड्डा. आठ शतकांत टिकली ती खणायची रीत.

जपानात याचं जवळचं नातं मला इसेच्या देवळात दिसतं. ते दर 20 वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्यानं बांधतात. पहिली पुनर्बांधणी 690 साली झाली, अलीकडची 2013 मध्ये, पुढची 2033 मध्ये. मात्र इसे शिंतो आहे आणि काठी आदिवासींची. अनित्यता म्हटलं की बुद्ध आठवतो, पण दोन्हींना बौद्ध ठरवायची घाई करू नकोस. ज्यांनी उभारलं तेच मोडतात आणि पुन्हा उभारायचं कसब पोरांच्या हाती देतात, एवढं साम्य पुरेसं आहे.

आता नर्मदेत बुडालेलं मणिबेली. 1993 च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या पाण्यात तिथली घरं गेली. अक्कलकुवा आणि अक्राणी मिळून महाराष्ट्राची 33 गावं या धरणाच्या बुडितात आली. हे पाणी पावसाचंच होतं, पण ते कुठवर चढायचं हे भिंतीनं ठरवलं. त्या भिंतीची उंची पुढेही वाढत गेली: 110.64 मीटर, मग 121.92, शेवटी 138.68. प्रत्येक टप्प्याला मंजुरी आहे, मंजुरीवर सही आहे. ज्या गोष्टीवर सही आहे तिला काळाची करणी म्हणता येत नाही. बुद्धानं अनित्यता सांगितली ती दुःखाचं कारण शोधता यावं म्हणून. त्या कारणावर पांघरूण घालायला ती वापरली, तर शब्द बुद्धाचे राहतील आणि काम भलत्याचंच होईल.

तू कामो नो चोमेईचं ‘होजोकी’ वाचते आहेस ना? 1212 सालचं. त्यात 1177 ची आग, 1180 चं वादळ, मग दुष्काळ, 1185 चा भूकंप असं सगळं आहे, आणि यांच्या मधोमध 1180 मध्ये राजधानी हलवल्याची हकीकत. तो भाग पुन्हा वाच. घरं मोडून नदीतून वाहून नेली गेली, पदाची आशा असलेले आधी धावले, आशा नसलेले मागे राहिले, हे तो टिपतो. आणि इथेच त्याला जुने राजे आठवतात, प्रजेच्या चुलीतला धूर विरळ झाला की कर माफ करणारे. भूकंपाला तो असा जाब विचारत नाही. राजधानी त्याच वर्षी परत आली. मोडलेली घरं काही सगळी पूर्वीसारखी उभी राहिली नाहीत. आठशे वर्षांपूर्वी, दहा फुटी झोपडीत बसलेल्या त्या भिक्षूला आगीतला आणि हुकमातला फरक कळत होता. तुझ्या प्राध्यापकांनाही तो कळेल.

तेव्हा निबंधात मोहू घे, काठी घे, इसे घे. मणिबेलीबद्दल जरूर लिही, पण वेगळा निबंध लिही, आणि त्यात धरणाची उंची, मंजुरीची तारीख आणि मंजुरी देणाऱ्याचं पद घालायला विसरू नकोस.

तुझा,
काका