आवृत्ती एका प्रतीची

शाळेत काय शिकलात, असे कोणाला विचारले की तो विषयांची नावे सांगू लागतो. पण त्याला जरा चहा पाजा, बोलता करा. मग निघते ते गॅदरिंग, वक्तृत्वस्पर्धेतली फजिती आणि वर्गाचे हस्तलिखित. बीजगणित बिचारे कुठल्या कुठे राहते!

मला यांत हस्तलिखिताचे प्रेम अधिक. मुलांच्या कथा, कविता, विनोद, कोडी जाड कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवायच्या, कडेने वेलबुट्टी काढायची, मुखपृष्ठावर समई नाहीतर उगवता सूर्य, आणि मग मुख्याध्यापकांच्या हस्ते थाटात प्रकाशन! आवृत्ती मात्र एकाच प्रतीची. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात असताना छात्रालयातल्या मुलांसाठी स्वतः लिहून 'छात्रालय दैनिक' काढीत; तेही याच कुळातले.

१९९५ साली आमच्या नववीच्या हस्तलिखिताला संपादक तिघे होतो. तिघेही हुशार, तिघेही कवी आणि तिघांचेही अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय! तेव्हा अक्षराचा शोध सुरू झाला आणि सापडला शेवटच्या बाकावरचा एक मुलगा. सहामाहीत तीन विषयांत गचकलेला. वडील दुकानांच्या पाट्या रंगवीत; ती कला याच्या बोटांत उतरली होती. दोन महिने शाळा सुटल्यावर तो चित्रकलेच्या खोलीत बसे आणि आम्ही संपादक शाई वाळण्याची वाट पाहत भोवती उभे! एकदा त्याने आमच्यातल्या एका कवीला विचारले, "हुरहूर म्हणजे नक्की काय रे?" कवीला सांगता येईना. "मग लिहिलीस कशाला?" म्हणून त्याने पुन्हा टाक शाईत बुडवला. ते दोन महिने त्याचा एक खाडा झाला नाही. एरवी त्याला उभे करणारे गणिताचे सर येता-जाता डोकावून "पाणी प्यायलास का?" असे विचारीत.

वार्षिक परीक्षेत तो नापास झाला. हस्तलिखिताचे गुण प्रगतिपुस्तकात धरण्याची सोय नव्हती.

आता काळ पालटला आहे. चित्रकलेच्या शासकीय परीक्षांचे वाढीव गुण दहावीला मिळतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर अभ्यास आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यात भिंतच नको, असे म्हटले आहे. वाचून आनंद झाला. तेव्हा असे असते तर तो कदाचित वरच्या वर्गात गेला असता. पण लगेच दुसरा विचार येतो. हस्तलिखिताला गुण असते, तर आम्हा तिघांच्या आयांनी आम्हांला सुलेखनाच्या शिकवणीला घातले असते, आणि तो दौतीजवळ पोहोचलाच नसता! या दोन्ही गोष्टी मला खऱ्या वाटतात, आणि त्यांचा मेळ कसा घालावा हे धोरण लिहिणाऱ्यांनीच सांगावे.

आमच्या महाविद्यालयाचे भित्तिपत्रक माझ्याकडे आहे. प्रमाणपत्र मिळणार, हे मी शेवटपर्यंत मुलांना सांगत नाही. पहिल्या सभेला चाळीस जण येतात, तिसऱ्या आठवड्यात सहा उरतात. त्यांतली एक मुलगी वर्गात कधी तोंड उघडत नाही. परवा ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सर, तिरप्या निबचं पेन कुठं मिळेल हो?"