पाच आणि सहा यांतला फरक

दिवाळीच्या आधीच्या रविवारची गोष्ट. विहारातली वंदना आटोपून घरी आलो, तर धाकट्या बहिणीचा मुलगा दारात चपला काढत होता. मागोमाग बहीणही आली आणि सरळ आत स्वयंपाकघरात वहिनीकडे गेली. भाचा "जयभीम मामा" म्हणून पंख्याखाली बसला. पोरगा कुरियरच्या कामावर आहे, दिवसभर मोटारसायकलवर असतो. कष्टाला कधी मागे हटलेला नाही. चहा होईपर्यंत इकडचेतिकडचे बोलला आणि मग आवाज खाली आणून मोबाइल माझ्यापुढे धरला.

"मामा, तुम्ही बोटीवर होतात ना? मग तुम्हाला हे माहीत असेल. यातल्या पैजा मला नीट समजावून सांगा."

पडद्यावर हिरवे टेबल होते. त्यावर चौकोन, आकडे आणि दोन लाल फासे. तीस वर्षांनी ते टेबल मी पाहत होतो. क्रॅप्स.

"अरे, पैशांच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध कायदा झालाय ना?" मी म्हणालो. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने तो केला, हे मी पेपरात वाचले होते.

"ही बाहेरच्या देशातली साईट आहे, मामा."

"किती गेले?"

"गेले असं नाही. वर-खाली चाललंय."

ही भाषा मला पाठ आहे. मीसुद्धा ती बोललो आहे. म्हणून मी त्याला रागावलो नाही. वही आणि पेन्सिल घेतली आणि म्हणालो, "बस. सगळं सांगतो."

वाचकहो, त्याला जे सांगितले तेच तुम्हालाही सांगतो. आज असा मोबाइल घरोघरी आहे.

मी 1994 साली बोटीवर लागलो. गिरण्यांच्या 1982 च्या संपात बाबांची नोकरी गेली होती आणि घरात मी मोठा. अमेरिकेतल्या मायामी बंदरातून सुटणारी, कॅरिबियन बेटांना वळसा घालून परत येणारी ती प्रवासी बोट होती. माझे काम सफाईचे. बोट बंदर सोडून खोल समुद्रात गेली की तिच्यावरचा कॅसिनो उघडत असे, आणि रात्रपाळीला मी तिथेच असे. राखेची भांडी रिकामी करायची, सांडलेली दारू पुसायची, ग्लास उचलायचे. आम्हा नोकरांना तिथे खेळायला बंदी होती. पण बघायला कोण अडवणार?

सगळ्यात जास्त आरडाओरडा क्रॅप्सच्या टेबलाभोवती. उंच कडांचे ते लांबलचक टेबल. एक जण फासे फेकतो आणि बाकीचे त्याच्या दानावर पैसे लावतात. फासे समोरच्या कडेवर आपटून मागे आले पाहिजेत, म्हणजे हातचलाखी चालत नाही. 'हॅझर्ड' नावाच्या जुन्या इंग्रजी खेळातून हा खेळ निघाला आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्स शहरात रुजला. तिथल्या बर्नार्ड द मारिन्यी नावाच्या जमीनदाराला त्याचा भारी नाद. वडिलोपार्जित मळ्याचे तुकडे पाडून त्याने विकले, आणि तिथल्या एका रस्त्याला या खेळाचेच नाव दिले. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन शिपाई घोंगडी अंथरून हाच खेळ खेळत.

मला हा खेळ समजावला तो कॅसिनोतल्या एका फिलिपिनो डीलरने. पण त्याने तो समजावला तोवर उशीर झाला होता. ते पुढे येईलच.

आधी फाशांचा हिशेब. दोन फाशांची मिळून 36 दाने होतात. त्यांत 2 एकाच तऱ्हेने पडतात, 12 ही एकाच तऱ्हेने. 3 आणि 11 प्रत्येकी दोन तऱ्हांनी, 4 आणि 10 तीन, 5 आणि 9 चार, 6 आणि 8 पाच. आणि 7 सहा तऱ्हांनी. म्हणजे सगळ्यात जास्त वेळा पडतात ते 7. हा सगळा खेळ सातावर उभा आहे.

मुख्य पैज 'पास लाइन'. पहिल्याच फेकीत 7 किंवा 11 पडले तर तुम्ही जिंकलात. 2, 3 किंवा 12 पडले तर हरलात. दुसरा कुठला आकडा आला तर तो 'पॉइंट' ठरतो. मग तोच आकडा 7 च्या आधी पुन्हा पडला तर जिंकलात, 7 आधी पडले तर गेलात. जिंकलात तर जेवढ्यास तेवढे मिळतात. बरोबरीचा सौदा वाटतो. पण हिशेब मांडला तर सरासरीने 495 डावांत 244 तुमचे आणि 251 कॅसिनोचे. म्हणजे शंभराला सुमारे 1 रुपया 41 पैसे त्याचे. थेंब थेंब गळणारा नळ जसा.

याच्या उलट 'डोन्ट पास'. म्हणजे फासे फेकणारा हरेल यावर पैसे लावायचे. यात शंभराला 1 रुपया 36 पैसे जातात, किंचित कमी. पण ही पैज लावणाऱ्याकडे सगळे टेबल वाकड्या नजरेने पाहते. 'कम' आणि 'डोन्ट कम' या पैजाही अशाच. फक्त पॉइंट ठरल्यानंतर, डाव मध्यावर असताना त्या लावतात.

"मग यातली चांगली पैज कुठली?" भाच्याने विचारले.

"एक आहे. तिचं नाव ऑड्स."

पॉइंट ठरल्यावर पास लाइनच्या मागे जादा पैसे ठेवता येतात. पॉइंट 4 किंवा 10 असेल तर एकाला दोन मिळतात. 5 किंवा 9 असेल तर दोनाला तीन, 6 किंवा 8 असेल तर पाचाला सहा. जेवढा धोका तेवढाच मोबदला. कॅसिनो त्यात एक पैसाही कापत नाही. पण गोम अशी, की आधी पास लाइनवर पैसे लावल्याशिवाय ही पैज लावताच येत नाही. आत जाण्याचे तिकीट काढल्यावरच फुकटचे पाणी मिळते.

"तू कशावर लावतोस?" मी विचारले.

त्याने टेबलाच्या मधल्या भागावर बोट ठेवले. मला वाटलेच होते. तिथे मोठमोठे आकडे लिहिलेले असतात.

"पुढच्याच फेकीला 7 पडणार या पैजेला चौपट मिळतात," मी त्याला दाखवले. "सहा वेळा एकेक रुपया लाव. सरासरीनं एकदाच जिंकशील. चार मिळतील, तुझा एक परत येईल, म्हणजे हातात पाच. लावले होतेस सहा. सहातला एक गेला." 12 वर लावले तर तीसपट देतात. पण 36 फेकींत ते एकदाच पडायचे, म्हणजे पस्तीसपट हवेत. 'हार्ड आठ' म्हणजे चार-चारची जोडी. ती एकाच तऱ्हेने येते. 7 सहा तऱ्हांनी आणि जोडीशिवायचे 8 चार तऱ्हांनी, असे दहा शत्रू तिच्या वाटेवर उभे. दहापट मिळायला हवेत, मिळतात नऊपट.

आणि 'फील्ड' नावाची पैज तर भाबड्या माणसासाठीच केलेली. 2, 3, 4, 9, 10, 11, 12 यांपैकी काहीही पडले तर जिंकलात. सात आकडे तुमचे आणि फक्त चार कॅसिनोचे! पण ते चार कोणते? 5, 6, 7, 8. छत्तीसपैकी वीस दाने त्या चारांत आहेत. आकडे मोजायचे नसतात, दाने मोजायची असतात. 2 आणि 12 ला जादा देतात, तरी तूट भरून निघत नाही.

भाचा वहीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे पास लाइन आणि ऑड्स एवढंच खेळलं तर?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होते. शहाण्या पोरालाच तो सुचतो. आतल्या भांड्यांचा आवाज थांबला होता, हे माझ्या लक्षात आले. तरी मी बोललो. इतकी वर्षे बोललो नव्हतो ते बोललो.

बोटीच्या खालच्या मजल्यावर आम्हा नोकरांच्या खोल्या होत्या. तिथे पाळी संपल्यावर चादर अंथरून फासे चालत. तिथे कॅसिनो नव्हता, कुणी कापणारा नव्हता. सगळे आमच्यासारखेच गरीब. मला वाटले, इथे तरी न्याय आहे. एक जुना खलाशी मला म्हणाला, "6 पॉइंट आहे. 7 च्या आधी 6 पडेल यावर जेवढ्यास तेवढे लावतोस?" मी लावले. 6 पडतात, 7 पडतात, काय फरक? कधी 4 वर लावले, कधी 10 वर. नेहमी जेवढ्यास तेवढे.

फासे खोटे नव्हते. तो माणूस लबाडी करत नव्हता. त्याला फक्त मोजता येत होते. 6 पाच तऱ्हांनी पडतात, 7 सहा तऱ्हांनी. अकरांपैकी सहा वेळा तो जिंकणार. 4 वर तर नवांपैकी सहा वेळा. शिवाय त्याच्या खिशात जास्त होते आणि माझ्या कमी. सौदा बरोबरीचा असता तरी लहान थैली आधी रिकामी होते. 1995 सालच्या त्या दोन महिन्यांत मी 640 डॉलर घालवले. तेव्हा डॉलरला 33 रुपयांच्या आसपास मिळत. एकवीस हजार रुपये.

त्यानंतर त्या डीलरने कागदावर ती 36 दाने लिहून दाखवली. मी ती उशीवर बसून मोजली. पाच आणि सहा यांत फरक एकाचाच.

भाच्याने विचारले, "एवढंच ना मामा? तुम्ही नंतर कमावलेत की."

"माझे नव्हते ते," मी म्हणालो. "तुझ्या आईचे होते."

त्या वर्षी ती बारावी झाली होती. नर्सिंगला नंबर लागला होता. फी, वसतिगृह, गणवेश, सगळे मिळून वीस हजारांवर जात होते. बाबांनी पत्रात तारीख लिहून पाठवली होती. मी उत्तर लिहिले की कंपनीने आमचा पगार अडकवून ठेवला आहे. तारीख गेली. पुढच्या वर्षी बाबा आजारी पडले आणि तो विषय निघालाच नाही. पुढे तिने एका दवाखान्यात आयाचे काम धरले. ज्या वॉर्डात ती सिस्टर म्हणून फिरायची, त्या वॉर्डाची फरशी तिने बावीस वर्षे पुसली.

विहारात भन्तेजींनी एका वर्षावासात सिगालोवाद सुत्त समजावून सांगितले होते. जुगाराचे सहा तोटे त्यात भगवंतांनी गृहस्थाला सांगितले आहेत. धन जाते हा त्यांतला एक. जुगाऱ्याच्या शब्दाला चार माणसांत किंमत राहत नाही, हाही एक. ते ऐकताना मी मान खाली घालून बसलो होतो. माझ्या शब्दाला घरात किंमत होती, कारण माझे खोटे कुणाला माहीतच नव्हते.

म्हणून भाच्याला मी सांगितले, "पास लाइन बरी की फील्ड, हा नंतरचा प्रश्न. आधी विचार, पैसा कुणाचा लावतोय. ती पैज टेबलावर कुठं लिहिलेली नसते."

पोराचे डोळे भरून आले. "मामा, बचतगटाचे बारा हजार आहेत. आईकडं जमा असतात. दहा तारखेला बँकेत भरायचेत."

बहीण दारात उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तिने आधी मुलाकडे पाहिले, मग माझ्याकडे. मला वाटले रडेल, नाहीतर ओरडेल. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली,

"तीस वर्षं मी त्या कंपनीला शिव्या देत आले, दादा."

यावर मला उत्तर नव्हते. अजूनही नाही.

बचतगटाचे बारा हजार मी दुसऱ्या दिवशी तिच्या हातात दिले. ते उपकार नव्हते, जुन्या देण्यातला एक तुकडा होता. भाच्याने माझ्यासमोर मोबाइलमधून तो खेळ काढून टाकला. पण काढलेला खेळ पुन्हा घालायला दोन मिनिटे पुरतात, हे मलाही कळते. म्हणून ठरवले की बारा हजार त्याने महिन्याला हजार असे फेडायचे. माझ्याकडे नाही, आईच्या हातात, मोजून. आणि पगार झाला की दोघांनी मिळून खर्चाची वही लिहायची.

बहीण महिनाभर माझ्याशी कामापुरतेच बोलली. परवा मात्र स्वतःहून आली. मी वहीत लिहिलेल्या त्या 36 दानांचे पान तिने फाडून मागितले. म्हणाली, "बचतगटातल्या बायकांना दाखवते. त्यांचीही पोरं मोबाइलवर असतात."

भाच्याचा हजाराचा हप्ता दर दहा तारखेला येतो. अजून चुकलेला नाही.