सुखाचं आयुष्य, क्रमांक दोन

बी.एड.च्या वर्गाला मी दरवर्षी रोकीच या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची १८ मूल्यांची यादी द्यायची. समता, जगात शांतता, कुटुंबाची सुरक्षितता, सुखाचं (म्हणजे पैशाची ददात नसलेलं) आयुष्य वगैरे. आपल्याला जे जास्त मोलाचं, ते वर लिहायचं. यात चूक-बरोबर काही नसतं, असं तोंडानं सांगायची आणि मनात गुण देत बसायची. समता वर ठेवणारा हाडाचा शिक्षक. सुखाचं आयुष्य वर ठेवणारा पोटार्थी.

एका छात्राध्यापकानं कुटुंबाची सुरक्षितता पहिली, सुखाचं आयुष्य दुसरं आणि समता अकरावी लिहिली होती. त्याच्या सराव पाठांकडे मी आधीच नाक मुरडून बघत होते, हे आज कबूल करते.

इंटर्नशिपमध्ये त्याचा सहावीवर भूगोलाचा पाठ होता. टाचण तपासताना मी शेरा मारला : ‘कृती हवी. मुलांना घरून कार्डशीट, रंगीत कागद, डिंक आणायला सांगा.’ पाठाच्या दिवशी पाहते तर त्यानं स्वतःच जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा आणलेला. मुलं पत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर काम करत होती. शेरा का पाळला नाही, असं मी जरा घुश्शातच विचारलं.

“मॅडम, आणा म्हटलं की दोन-तीन मुलं त्या दिवशी शाळेतच येत नाहीत. मीपण यायचो नाही. पोट दुखतंय म्हणायचो.”

मला उत्तर सुचलं नाही. वंचितांच्या शिक्षणावरचं प्रकरण मी वर्षानुवर्षं शिकवत आले होते. गळतीची कारणं मला पाठ होती. पण त्या कारणांत माझी कार्डशीट असू शकते, हे डोक्यात आलं नव्हतं. त्याच्या आलं, कारण पैशाची चिंता त्यानं जवळून पाहिली होती. त्याच चिंतेला मी पोटार्थीपणा म्हणत होते. माझा पगार दर महिन्याला जमा होतो, माझी फी वडिलांनी भरली. पैशाला खालचा क्रमांक देणं मला फुकट पडत होतं. याला उदात्तपणा समजणं हा तर शुद्ध ढोंगीपणा.

पैसा वर लिहिणारा प्रत्येक जण असाच निघतो, असं मुळीच नाही. पदवीपुरते आलेलेही असतात, आणि त्यांतले काही समता पहिल्या क्रमांकावर लिहितात.

यादी मी अजून देते, पण प्रवेशाच्या वेळी ‘शिक्षक का व्हायचंय?’ हे पूर्वीसारखं विचारत नाही. त्याऐवजी पहिल्याच तासाला आकडा सांगते : नोकरी लागली तरी तीन वर्षं शिक्षणसेवक, माध्यमिकला मानधन २०२३ पर्यंत ८,००० रुपये होतं, आता १८,००० आहे.