कोव्हेंट गार्डन: बाजार आणि पडदा

लंडनचा कोव्हेंट गार्डन बाजार जागा व्हायचा मध्यरात्रीनंतर. शहर झोपलेले असताना गाड्या येत, हमाल डोक्यावर टोपल्यांची चळत तोलत गर्दीतून वाट काढत, व्यापारी भावावरून हुज्जत घालत. विक्रेत्याची आरोळीही एका सुरात निघते आणि गिऱ्हाईक दिसताच वरच्या पट्टीत जाते. संगीत-चित्रपटाला आणखी काय लागते?

१९६४ साली जॉर्ज क्यूकर यांनी ‘माय फेअर लेडी’त हाच बाजार पडद्यावर आणला, पण तो उभारला कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत. तिथला भाजीवाला तालात सरकतो, कोबीही जागच्या जागी शोभून दिसतो. फुलवाली एलायझा झालेल्या ऑड्री हेपबर्नची बहुतेक गाणी मार्नी निक्सन यांनी गायली आहेत. खऱ्या बाजारात मात्र उसना गळा चालत नाही. तिथे ज्याने त्याने आपलाच घसा कोरडा करायचा.

चित्रपटाने बाजारातला चिखल आणि कुजका पाला वगळला, हे उघड आहे. तरी एक गोष्ट त्याने अचूक पकडली: ऑपेरा पाहून निघालेले रेशमी कपडे आणि फुलवालीचा फाटका कोट इथे एकाच फरसबंदीवर समोरासमोर येत. चित्रपटामागचे मूळ नाटक, जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचे ‘पिग्मॅलियन’, याच धक्क्यातून सुरू होते. पु. ल. देशपांडे यांनी ते ‘ती फुलराणी’ या नाटकातून मराठीत आणले आणि भक्ती बर्वे यांनी त्यातली फुलवाली मंजुळा गाजवली.

१९७४ साली कोव्हेंट गार्डनचा घाऊक बाजार लंडनमधल्याच नाइन एल्म्सला हलला. जुन्या इमारतीत आता दुकाने आणि उपाहारगृहे आहेत.