कापडाखालचा दगड

स्नूकरच्या टेबलाकडे पाहणाऱ्याला हिरवं कापड दिसतं, मला त्याच्या खालचा दगड दिसतो. मिरज-सांगलीपासून कराड, सातारा आणि वर पाचगणी-महाबळेश्वरपर्यंत टेबलं बसवायची, लेव्हल काढायची, कापड बदलायचं, कुशनचं रबर तपासायचं, हा माझा व्यवसाय. त्यामुळे ‘आपल्याकडचा एखादा पोरगा व्यावसायिक स्नूकरपटू का होत नाही?’ हा प्रश्न मला गावोगाव विचारला जातो. पोरांना चिकाटी नाही, आईबाप सोडत नाहीत, पैसा नाही, अशी उत्तरं विचारणाराच पुढे देऊन टाकतो. त्यात तथ्य आहेच. पण माझं उत्तर टेबलापासून सुरू होतं.

पूर्ण मापाचं टेबल बारा फूट बाय सहा फूट. आत दगडाच्या पाच लाद्या शेजारी शेजारी टेकवलेल्या असतात. त्यांचं वजन लाकडी सांगाड्यासह दीड टनाच्या आसपास जातं आणि ते आठ पायांवर उभं असतं. पाच लाद्या म्हणजे चार सांधे. हे सांधे बोटाला लागता कामा नयेत. लेव्हल काढून झाली की मी एक बॉल अगदी हळू सोडतो, पलीकडच्या कुशनपाशी पोचता पोचता थांबेल इतका हळू. जोरात मारलेला बॉल टेबलाचा दोष लपवतो. दोष असेल तर तो बॉलच्या शेवटच्या हातभर प्रवासात दिसतो, वेग संपत आला की तो कडेला कलतो.

वरचं कापड लोकरीचं. त्याला लव असते आणि ती बॉक लाइनकडून, म्हणजे खेळ सुरू होतो त्या टोकाकडून, काळ्या बॉलच्या दिशेने झोपवलेली असते. ब्रश त्याच दिशेने फिरवायचा, इस्त्रीही त्याच दिशेने. लोकर ओल शोषते. जूनमध्ये सांगलीत हवा दमट झाली की उन्हाळ्यात ताणून बसवलेलं कापड सैल पडतं, बॉल जड चालतो, कुशनवरून परतताना नेहमीचा कोन धरत नाही. महाबळेश्वरच्या पावसात तर काही विचारायलाच नको. ज्या टेबलांवर जागतिक स्पर्धा होतात त्यांच्या लाद्यांखाली हीटर असतात. दगड कोमट राहतो, कापड कोरडं राहतं आणि बॉल काचेवरून गेल्यासारखा पळतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पावसाळाभर खिडक्या उघड्या असतात आणि डोक्यावर पंखा.

तिसरी गोष्ट पॉकेटची. स्पर्धेच्या टेबलावर पॉकेटचं तोंड ठरलेल्या साच्यावर तपासलं जातं. पार्लरमध्ये मालक हळूच सांगतो, ‘‘तोंड जरा मोकळं ठेवा, गिऱ्हाईक नाराज व्हायला नको.’’ त्याचंही पोट त्यावर आहे. हरणाऱ्याने टेबलाचे पैसे द्यायचे हा पार्लरचा रिवाज; फ्रेम लवकर संपली तर पुढची लवकर लागते.

आता या तीन गोष्टी एका चौदा वर्षांच्या मुलाच्या अंगाने पाहा. कापड जड, म्हणून पांढरा बॉल पुढच्या जागी न्यायचा तर त्याला ताकद लावावी लागते. पॉकेट मोकळं, म्हणून ताकदीने मारलेला, थोडा चुकलेला बॉलही आत जातो. वर्ष-दोन वर्षांत त्याच्या हाताला हेच वळण पडतं. तो लांबचे पॉट घेतो, मित्र टाळ्या वाजवतात, तालुक्यात नाव होतं. मग तो पुण्या-मुंबईला राज्य स्पर्धेला जातो. तिथे पॉकेट घट्ट, कापड जलद. त्याच ताकदीने मारलेला बॉल पॉकेटच्या दोन्ही गालांवर आपटून बाहेर येतो, आणि आत गेलाच तर पांढरा दोन फूट जास्त धावतो. तोच बॉल हळुवार आला असता तर गालाला घासून आत पडला असता. मुलाला वाटतं आपलं नशीब वाईट. त्याच्या हातात नशिबाचा दोष नसतो, टेबलाचा असतो.

ही गोष्ट सातारा-सांगलीच्या माणसाला पटवायला मी कराडजवळच्या गोळेश्वरचं नाव घेतो. खाशाबा जाधव लाल मातीतले पैलवान. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते मॅटवर उतरले. मॅटची त्यांना सवय नव्हती, तरी ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक आणलं. त्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, हे आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे. मला त्या कथेतला मातीचा आणि मॅटचा भाग तितकाच मोठा वाटतो. पायाखाली काय आहे त्यावर डाव ठरतो, आणि नवी जमीन अंगवळणी पडायला वेळ लागतो. खाशाबांना चार वर्षं मिळाली.

व्यावसायिक स्नूकरमध्ये दोन वर्षं मिळतात. क्यू स्कूल नावाच्या पात्रता स्पर्धेतून किंवा खंडीय विजेतेपदातून खेळाडूला टूर कार्ड मिळतं, ते दोन हंगामांचं. खात्यात गुण शून्य. क्रमवारी मिळवलेल्या बक्षिसाच्या रकमेवर लागते आणि दोन वर्षांनी पहिल्या 64 मध्ये नसलेल्यांपैकी बहुतेकांना पुन्हा दारात उभं राहावं लागतं. स्पर्धांचा मोठा भाग ब्रिटनमध्ये, उरलेला मुख्यतः चीन आणि युरोपात. म्हणजे घर सोडून इंग्लंडमध्ये खोली घ्यायची, व्हिसा सांभाळायचा, थंडीत रोज एकट्याने सरावाला जायचं. पहिल्याच फेरीत हरलेल्याच्या हाती वर्षानुवर्षं बहुतेक स्पर्धांत काहीच पडत नसे आणि प्रवासाचा खर्च त्याच्याच खिशातून जाई. एवढ्या थोड्या वेळात हाताचं वळण बदलायला सवड कुठून काढणार?

जे पोचले ते कुठल्या टेबलावर वाढले हे म्हणून मी नेहमी बघतो. पंकज अडवाणी पुण्यात जन्मला, पण खेळाडू म्हणून घडला बंगळुरूत, अरविंद सवूर यांच्या हाताखाली. त्याने बिलियर्ड्स आणि स्नूकर दोन्ही खेळांत प्रावीण्य मिळवलं. बिलियर्ड्समध्ये तीनच बॉल असतात आणि ते एकमेकांजवळ राखून शेकडो गुण करायचे असतात. तिथे ताकदीला फारसं काम नाही, सगळा खेळ स्पर्शाचा. 2012 मध्ये तो व्यावसायिक स्नूकरमध्ये उतरला आणि 2013 च्या वेल्श ओपनमध्ये उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. 2014 मध्ये त्याने टूर सोडली. दोन्ही खेळ खेळायचे आणि घरापासून तुटायचं नाही, हा त्याचा निर्णय होता. 2024 पर्यंत त्याच्या नावावर 28 जागतिक विजेतेपदं लागली, तेव्हा त्या निर्णयाला हार म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पुण्यातच जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये कोलकात्यात आणि 1964 मध्ये न्यूझीलंडमध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले, तेही हाताच्या त्याच हलकेपणावर.

मुंबईचा आदित्य मेहता हे मला सगळ्यात जवळचं उदाहरण. ऑक्टोबर 2013 मध्ये दिल्लीच्या इंडियन ओपनमध्ये तो अंतिम फेरीत गेला. रँकिंग स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचलेला तो पहिला भारतीय. डिंग जुनहुईने त्याला 5-0 ने हरवलं. पुढच्या वर्षी जर्मनीत पॉल हंटर क्लासिकमध्ये त्याने 147 चा ब्रेक केला, व्यावसायिक स्पर्धेत असं करणारा पहिला भारतीय. 147 म्हणजे पंधरा लाल, प्रत्येक लालनंतर काळा, शेवटी सहा रंग; एकही न चुकता 36 पॉट. या 36 मधले अवघड पॉट हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच असतात. बाकीच्यांत पांढरा वीतभर इकडे-तिकडे सरकवायचा असतो. ते वीतभर अंतर अचूक निघायला खालचा दगड सपाट आणि वरचं कापड कोरडं लागतं. रोज, लहानपणापासून. पुढे मानेच्या आणि खांद्याच्या दुखण्याने त्याला टूरवरून मागे यावं लागलं. तासन् तास टेबलावर वाकून, हनुवटी काठीला टेकवून नेम धरायचा, त्याची ही किंमत. तरुण मुलांच्या आईबापांना मी हेही सांगतो. त्याच्यानंतर मुंबईचाच इशप्रीत सिंग चढ्ढा त्या टूरवर पोचला.

बंगळुरूत राज्य संघटनेचा हॉल आहे. मुंबईत जिमखाने आणि क्लब आहेत, सदस्याच्या मुलाला तिथे निगा राखलेलं टेबल मिळतं. आमच्या पोराला मिळतं ते पार्लर. पार्लरवाल्यांना मी दोष देणार नाही, त्यांनी हा खेळ तालुक्यापर्यंत आणला, भाडं आणि वीजबिल भरून आणला. पण मुलांना शिकवण्याची जबाबदारी त्यांच्या गल्ल्यावर टाकणं बरोबर नाही. आपल्या गावांनी तालमी सांभाळल्या त्या तिकीट लावून नव्हे. हळद, तेल, ताक घालून माती मऊ ठेवायची हे गावाने आपलं काम मानलं. एखाद्या नगरपालिकेने, शिक्षणसंस्थेने किंवा व्यायाम मंडळाने एकच टेबल घ्यावं, स्पर्धेच्या साच्याचं पॉकेट ठेवावं, रोज ब्रश आणि इस्त्री करणारा एक माणूस नेमावा. पोरं शाळा सुटल्यावर येतील. त्यातला कुणी टूरवर जाईलच असं मी म्हणत नाही, पण गेला तर हात तयार करून जाईल.

कराडच्या एका मालकाने माझं ऐकून एका टेबलाचं पॉकेट घट्ट करून घेतलं. पहिले काही आठवडे त्या टेबलाकडे कुणी फिरकेना. मग तीन-चार पोरं मुद्दाम तिथेच खेळू लागली. लांबचा पॉट सोडून ती आता सेफ्टी खेळतात, पांढरा बॉक कुशनला चिकटवून ठेवतात, आणि फ्रेम तासभर चालते. मालक कुरकुरतो, पण त्याने पॉकेट परत मोकळं करायला मला बोलावलेलं नाही.

सांगलीत कुणी असं टेबल घेणार असेल तर माझी एक अट राहील. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. त्यानंतर तळमजल्यावरची टेबलं मी उघडली. कापड कुजलेलं, कुशनचं लाकूड फुगून फाकलेलं, सांगाडा वाकलेला. लाद्या तेवढ्या धुऊन, वाळवून पुन्हा वापरता आल्या. 2021 मध्ये पाणी परत आलं. तेव्हा टेबल पहिल्या मजल्यावर घ्या, आणि आधी इंजिनिअरला बोलावून स्लॅब दाखवा. आठ पायांखाली तुळया कुठून जातात ते खडूने जमिनीवर आखून ठेवा, मग मला बोलवा.