कासवाचा स्वयंपाक

रविवारी दुपारी ओटा मोकळा झाला की आमच्या लाल कानाच्या कासवाचा स्वयंपाक. दुकानातली सुकी कोळंबी त्याला प्रिय, पण निव्वळ त्यावर ठेवणं म्हणजे पोराला फरसाणावर वाढवणं.

लाल भोपळा आणि गाजर किसून वाफवते. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलं की कासवाचे डोळे सुजतात, म्हणून हे दोन्ही हवेतच. शेवग्याचा पाला बारीक चिरून. पालक नाही, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून धरतं. थोडा मासा, बारीक काट्यांसकट वाटलेला. पिल्लू होतं तेव्हा मासा जास्त घालायचे. आता वय झालंय, पाल्याचा वाटा वाढवलाय. वरून समुद्रफेसाची पूड. शेवटी गरम पाण्यात विरघळवलेलं जिलेटिन ओतून ताटलीत थापते, फ्रिजमध्ये ठेवते आणि वड्या पाडते. जिलेटिन एवढ्याचसाठी, की वडी पाण्यात लगेच विरत नाही. या जातीला घास गिळायला पाणी लागतं. कोरड्यावर वाढून उपयोग नाही.

सासूबाई म्हणतात, “आमच्या वड्यांना कधी एवढा मान मिळाला नाही!” खरंय.

आणि कितीही निगुतीनं रांधलं तरी ऊन हवंच. तेही काचेआडचं नव्हे. ‘ड’ जीवनसत्त्वाशिवाय पोटातलं कॅल्शियम कवचापर्यंत पोचत नाही. तेव्हा सकाळी टब गच्चीत, अर्धा सावलीत. कावळ्यांवर लक्ष ठेवायची ड्यूटी सासूबाईंची.